‘चादर कडक आहे, परत घ्या!’ हे वाक्य ऐकायचं नसेल तर…



घरून बेडशीट विकण्याच्या धंद्यावर आपण व्हिडिओ केला होता. त्यात माल कुठून घ्यायचा, भाव कसा लावायचा, फोटो कसे काढायचे हे सगळं सांगितलं. एक गोष्ट मात्र राहून गेली. पहिल्याच महिन्यात धंदा अडतो तो याच गोष्टीवर, म्हणून आज हा लेख.

गिऱ्हाईक चादर घेतं, घरी नेतं, अंथरतं आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "अहो, पुठ्ठ्यासारखी कडक आहे. परत घ्या."

आता आधी माझी चूक सांगतो. आपल्या बॅचमधल्या एका ताईंनी दिवाळीच्या आधी सोलापूरहून ३६ सुती डबल बेडशीट आणल्या. खरेदी ४८० रुपयांची, विक्री ७०० रुपयांना. पहिल्या दहा चादरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवसांत गेल्या. त्यातल्या चार परत आल्या. तक्रार एकच, कडक आहे. ताईंनी मला फोन केला. मी गडबडीत होतो. म्हटलं, "त्यात काय, धुऊन, मऊ करून विका."

ताईंनी उरलेल्या तीसच्या तीस चादरी धुतल्या. तीन दिवस घरात धुण्याचा कारखाना. इंटरनेटवर बघून व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र टाकला, वर सुगंधी सॉफ्टनर, मग इस्त्री. चादरी मऊ झाल्या हे खरं. बचत गटाच्या प्रदर्शनात मांडल्या. बायका हात लावायच्या, म्हणायच्या, "किती मऊ आहे!" आणि पुढचा प्रश्न यायचा, "ताई, वापरलेल्या आहेत का हो?"

गिरणीची घडी मोडली होती, स्टिकर गेला होता, वास सॉफ्टनरचा येत होता. त्यात पाकिटावर लिहिलं होतं ९० बाय १०० इंच आणि टेपने मोजलं तर ८७ भरत होती. शेवटी त्या चादरी ४०० रुपयांना, म्हणजे खरेदीच्याही खाली काढाव्या लागल्या. पैसे ताईंचे गेले, पण सल्ला माझा होता. त्यानंतर मी हा विषय नीट शिकून घेतला. जे शिकलो ते तुमच्यासमोर ठेवतो.

आधी हिशोब बघा

परत आलेली एक चादर किती महाग पडते? वरच्याच आकड्यांवर समजा की कुरिअर आणि पॅकिंगला ८० रुपये जातात. म्हणजे चांगल्या विक्रीत तुमच्या हातात राहतात १४० रुपये. चादर परत आली, तर जाण्याचे ८० गेले, येण्याचे समजा ७० गेले, आणि उघडलेली चादर पुढच्या गिऱ्हाइकाला १०० रुपये कमी करूनच द्यावी लागते. झाले अडीचशे. जवळजवळ दोन चांगल्या विक्रींचा नफा एका परतीत साफ.

आणि खरी गंमत अशी की यातल्या बऱ्याच चादरींमध्ये काहीच दोष नसतो. दोन-तीन धुण्यांत त्या मऊ होणारच असतात. पण हे विकणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून गिऱ्हाइकाला सांगता येत नाही.

चादर कडक का असते? पाच कारणं

उपाय शोधण्याआधी कारण ओळखा. पाचही कारणांना एकच औषध चालत नाही.

१. खळ. मागावर ताण्याचे धागे घासून तुटू नयेत म्हणून विणण्याआधी त्यांना खळ देतात. ती बहुतेक वेळा स्टार्चची असते. आपली आजी सुती साडीला भाताची पेज लावायची, तोच प्रकार. कापड तयार झाल्यावर ही खळ काढायची असते. पण स्वस्तातल्या मालात ती अर्धवटच काढतात. कधीकधी तर कापड भरीव वाटावं म्हणून शेवटी वरून आणखी कांजी चढवतात. अशी चादर दुकानात जाडजूड दिसते, धुतल्यावर हलकी होते.

२. छपाई. चादरीवर हात फिरवा. फुलांवर, नक्षीवर कडक लागतंय आणि मधल्या कोऱ्या जागेत मऊ, असं असेल तर ती पिगमेंट छपाई. यात रंग कापडाला धरून राहावा म्हणून चिकटवणारा पदार्थ वापरतात, त्याचा थर कडक लागतो. हा थर धुऊन निघत नाही. वापरात थोडा नरम पडतो, एवढंच.

३. जड पाणी आणि उरलेला साबण. चादर नवी असताना बरी होती, पाच-सहा धुण्यांनंतर कडक झाली, अशी तक्रार आली की पाण्याकडे बघा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की चिकट साका तयार होतो आणि तो धाग्यांत बसतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी पावडर टाकतो. मग ती जास्तीची पावडरही निघत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची चांगली मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरचा आकडा पाणी तपासणीच्या अहवालात मिळेल.

४. वाळवणं. तारेवर वाळलेला सुती कपडा कडक होतो, पंख्याखाली वाळलेला तितका होत नाही, हे आपण रोज बघतो. २०२० मध्ये जपानमधल्या काओ कंपनीच्या आणि होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनी याचं कारण मांडलं. कापूस वाळला असं आपल्याला वाटतं, तरी तंतूंच्या पृष्ठभागावर थोडं पाणी धरून राहिलेलं असतं आणि ते गोंदासारखं तंतूंना एकमेकांशी चिकटवतं. वाळताना कापड हललं की ही चिकट कमी बसते. म्हणून झटकणं महत्त्वाचं.

५. मूळ सूतच जाड. सुताचा काउंट जितका कमी, तितका धागा जाड. जाड धाग्याची चादर टिकाऊ असते, पण मलमलीसारखी कधी होणार नाही. सोलापुरी चादरीचंच बघा. जाड सुताची, जॅकार्डवर नक्षी विणलेली. ती वर्षानुवर्षं वापरून मऊ होते, पण तिचा भारदस्तपणा जात नाही आणि जाऊही नये. लोक ती त्यासाठीच घेतात.

घरच्या घरी ओळखायचं कसं?

तीन साध्या चाचण्या आहेत. खर्च पन्नास रुपयांच्या आत.

*खळीची चाचणी.* नवी चादर साध्या पाण्यात दोन तास भिजवा. त्यातलं चमचाभर पाणी एका जुन्या प्लास्टिकच्या कपात घ्या. ते गार असलं पाहिजे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या टिंक्चर आयोडिनचे एक-दोन थेंब त्यात टाका. पाणी निळं-जांभळं झालं तर खळ स्टार्चची आहे आणि ती सुटते आहे. पिवळट-तपकिरीच राहिलं तर स्टार्च नाही. आधी भाताच्या पेजेवर करून बघा, म्हणजे रंग कसा दिसतो ते कळेल. चादरीवर थेंब टाकू नका, डाग पडतो. आणि तो कप पुन्हा खाण्यापिण्याला वापरू नका.

*साबणाची चाचणी.* धुतलेली, स्वच्छ, पण कडक चादर बादलीत नुसत्या पाण्यात घाला. पावडर अजिबात नको. हाताने जोरात खळबळा. फेस आला? मग हा जुन्या धुण्याचा उरलेला साबण आहे.

*पाण्याची चाचणी.* दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत तुमच्या नळाचं पाणी, दुसरीत आरओचं किंवा पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. एकीत फेस आणि दुसरीत दह्यासारखा साका दिसला, तर पाणी जड आहे.

आता उपाय: कोणत्या कडकपणाला काय करायचं

नवी, खळीची चादर असेल तर

१. रात्री बादलीभर कोमट पाण्यात, हाताला सहज सोसेल इतक्याच गरम, चादर पूर्ण बुडवून ठेवा. गडद रंगाची चादर एकटीच भिजवा आणि पहिल्यांदा तासाभराने बघा. रंग जास्त सुटत असेल तर पाणी गार ठेवा आणि वेळ कमी करा. मीठ टाकून रंग पक्का होतो हा समज सोडून द्या, रंगवून झालेल्या कापडावर त्याचा उपयोग होत नाही.

२. सकाळी पाणी गढूळ दिसेल, हाताला बुळबुळीत लागेल. ती खळ. ओतून द्या आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. कोमट पाण्यात कापड मुरत ठेवणं ही गिरण्यांमध्येही खळ काढायची जुनी पद्धत आहे. पण घरी दहा-बारा तासांच्या पुढे जाऊ नका, उन्हाळ्यात आंबूस वास येतो.

३. मग एन्झाइम असलेल्या पावडरीत किंवा लिक्विडमध्ये अर्धा तास भिजवून धुवा. पाकिटाच्या मागे 'एन्झाइम' लिहिलेलं असतं. त्यातलं अमायलेज नावाचं एन्झाइम स्टार्च तोडतं. पाणी उकळतं नको, उकळत्या पाण्यात एन्झाइम निकामी होतात.

४. पाण्याला फेस आणि बुळबुळीतपणा राहीपर्यंत विसळत राहा. इथे आळस केला तर वरची सगळी मेहनत वाया.

एका धुण्यात निम्मं काम होतं. बहुतेक चादरी तिसऱ्या धुण्यापर्यंत सरळ होतात.

साबण आणि क्षार बसलेली जुनी चादर असेल तर

आधी नुसत्या कोमट पाण्यात दोनदा भिजवून साबण काढा. मग शेवटच्या पाण्यात, साधारण १५ लिटरच्या बादलीला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढा. आम्लामुळे बसलेले क्षार सुटतात. वास वाळल्यावर जातो. हे बादलीतच करा. मशीनमध्ये वरचेवर व्हिनेगर टाकलं तर रबरी भागांना त्रास होऊ शकतो.

पुढच्या धुण्यापासून पावडर कमी करा. पाणी जड असेल तर कपडे टाकण्याआधी बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. तो क्षारांना आधीच बाजूला काढतो आणि कमी पावडरीत काम भागतं. धुण्याचा सोडा हाताला झोंबतो, हातमोजे घाला.

वाळवताना

चादर तारेवर टाकण्याआधी दोघांनी दोन टोकं धरून चार-पाच वेळा सणसणीत झटका. शक्य असेल तर वारा असलेल्या सावलीत वाळवा. कडक उन्हात दिवसभर करपू देऊ नका. किंचित दमट असतानाच उतरवा, पुन्हा झटका आणि आत पंख्याखाली पसरा. फुकटातला उपाय आहे आणि फरक लगेच कळतो.

तीन चुका टाळा

पहिली: *व्हिनेगर आणि सोडा एकत्र.* फेस जोरात येतो, व्हिडिओत छान दिसतं. पण एक आम्ल, दुसरा अल्कली. एकमेकांना मारतात आणि हाती उरतं जवळपास साधं खारट पाणी. वापरायचेच तर वेगवेगळ्या पाण्यात वापरा. त्या ताईंचं हेच झालं होतं.

दुसरी: *व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र.* ही धोक्याची गोष्ट आहे. क्लोरिन वायू निघतो आणि तो श्वासातून गेला तर घात होतो. बंद बाथरूममध्ये तर कधीच नाही. तुमच्याकडे मदतीला बाई येत असेल तर तिलाही हे सांगून ठेवा.

तिसरी: *सॉफ्टनरवर भरवसा.* सॉफ्टनर धाग्यावर पातळ थर चढवतो, म्हणून कापड गुळगुळीत लागतं. खळ असेल तर ती तशीच खाली राहते. शिवाय कापडाची पाणी शोषायची ताकद कमी होते. म्हणून टॉवेलला तर नकोच.

मग धंद्यात याचं करायचं काय?

सगळा माल धुऊन विकायचा नाही, हे ताईंच्या तीस चादरींनी आपल्याला शिकवलं. आपल्याकडे कडक घडी म्हणजे नवा माल, असंच गिऱ्हाइकाच्या डोक्यात असतं. त्याला कोरी चादर हवी असते आणि ती मऊ होईल याची खात्रीही हवी असते. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या द्या.

एक: धुतलेला नमुना ठेवा. प्रत्येक लॉटमधली एक चादर फोडा. तीनदा धुवा. धुण्याआधी आणि नंतर टेपने माप घ्या आणि लिहून ठेवा. मग मांडणीवर कोरी चादर आणि तिच्या शेजारी ही धुतलेली. गिऱ्हाइकाला दोन्हींवर हात ठेवू द्या. "ही आजची, ही तीन धुण्यांनंतरची." बास. पुढे बोलायची गरज पडत नाही. ऑनलाइन विकत असाल तर याचाच वीस सेकंदांचा व्हिडिओ करा. एका चादरीची खरेदी किंमत, ४८० रुपये, हा तुमचा जाहिरातीचा खर्च समजा. दोन परती वाचल्या की वसूल.

दोन: नमुन्यावरून माल निवडा. तीन धुण्यांनंतरही चादर पुठ्ठाच राहिली, किंवा खळ गेल्यावर जाळीसारखी विरळ दिसायला लागली, तर तो माल पुन्हा आणू नका. घाऊक दुकानात हात लावून चादर चांगली वाटली म्हणून ३६ उचलू नका. आधी दोन आणा, धुवा, मग ऑर्डर द्या. घाऊकवाले दोन नग द्यायला कुरकुर करतात. पाच-दहा रुपये जास्त द्या, पण घ्या.

तीन: धुतल्यानंतरचं माप सांगा. सुती चादर पहिल्या धुण्यांत आटतेच. ९० बाय १०० ची चादर आटून ८७ होणार असेल तर ते आधीच सांगा. गादीवर पुरली नाही म्हणून येणारी परतही त्यामुळे थांबते.

चार: पाकिटात चिठ्ठी घाला. झेरॉक्सवर एका पानात चार चिठ्ठ्या बसतात. मजकूर हा घ्या, तुमच्या शब्दांत बदला:

*"ही शुद्ध सुती चादर आहे. विणताना दिलेल्या खळीमुळे सुरुवातीला थोडी कडक लागेल. वापरण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, पाणी ओतून द्या आणि कमी पावडरीत धुवा. गडद रंग पहिल्या दोन वेळा वेगळा धुवा. वाळत घालण्याआधी चांगली झटका. दोन-तीन धुण्यांत चादर मऊ होईल. नाही झाली तर मला फोन करा."*

शेवटचं वाक्य काढू नका. गिऱ्हाईक रागावून परत पाठवण्याआधी फोन करतं आणि तुम्हाला बोलायची संधी मिळते. मात्र चादर शंभर टक्के सुती असेल तरच 'शुद्ध सुती' लिहा.

पाच: जे मऊ होणार नाही ते तसं सांगून विका. पिगमेंट छपाईची चादर असेल तर सांगा, "नक्षी थोडी कडक लागते, ती तशीच राहते, पण भावात परवडते." जाड सोलापुरी चादर असेल तर सांगा, "ही पांघरायला आणि टिकायला आहे." आणि जाता जाता, सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. दुसऱ्या गावची चादर सोलापुरी म्हणून विकणं हा कायद्याने गुन्हा आहे. बिलावर गाव काय लिहिलंय ते बघूनच नाव लावा.

ताईंचं पुढे काय झालं?

त्यांनी धंदा सोडला नाही. संक्रांतीला फक्त २४ चादरी आणल्या, त्याही आधी दोन नग आणून, धुऊन, मापून. तीनदा धुतलेली एक चादर टेबलावर, चिठ्ठी प्रत्येक पाकिटात. त्या लॉटमधून एकच चादर परत आली, तीही रंग पडद्याला जुळला नाही म्हणून. चार जणींनी फोन केला की अजून कडक वाटते. ताईंनी त्यांना विचारलं, "भिजवून ठेवली होती का?" दोघींनी भिजवलीच नव्हती. बाकीच्या दोघींकडे बोअरचं पाणी होतं, त्यांना व्हिनेगरचा उपाय सांगितला. चौघींपैकी एकीने पुढच्या महिन्यात आणखी तीन चादरी नेल्या.

मला यातून एक धडा मिळाला. सल्ला विचारणाऱ्याला घाईत उत्तर द्यायचं नाही. "धुऊन विका" म्हणायला मला दोन सेकंद लागले, त्याची किंमत ताईंनी तीस चादरींवर मोजली.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातली सगळ्यात कडक चादर काढा. वरच्या तीन चाचण्या करा आणि वहीत लिहा: कारण कोणतं, उपाय कोणता केला, प्रत्येक धुण्यानंतर हाताला काय फरक लागला, माप किती बदललं. विकायला सुरुवात केली नसली तरी करा. गिऱ्हाइकासमोर उभं राहून "मी स्वतः करून बघितलंय" असं म्हणता येतं, तेव्हा आवाजच वेगळा लागतो.

चला तर मग, बादली भरा. भेटू पुढच्या व्हिडिओत.